टाकीतलं विरजण

माझा आवाज मोठा आहे. हे मला लहानपणापासून ऐकवलं जातं आणि मीही ते कधी नाकारलेलं नाही. वडील कापडगिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर होते. तिथे शेजारच्या माणसाशी बोलायचं तरी ओरडावं लागे आणि तीच सवय घेऊन ते घरी येत. "मीठ दे" हेसुद्धा आमच्या घरात अशा पट्टीत म्हटलं जाई की तीन घरं पलीकडच्या बाईने मीठ आणून द्यावं. त्यात माझा स्वभाव तापट. आई म्हणायची, "या पोरीच्या नाकावर राग येत नाई, तो तिथंच बिऱ्हाड करून राह्यते." एमएस्सी होऊन सरकारी प्रयोगशाळेत लागले तेव्हा वाटलं, चला, आता बाटल्यांशी बोलायचं, तिथे आवाजाचं काय काम! पण सरकारने मला बाटल्यांसकट माणसांत पाठवलं आणि या आवाजाने एकदा असा घात केला की ब्लीचिंग पावडरचा वास आला की आजही मला तो दिवस आठवतो.

ऐंशी सालानंतरची पहिली काही वर्षं. पाण्याच्या प्रदूषणाचा कायदा होऊन फार दिवस झाले नव्हते. आमचं नागपूरचं कार्यालय म्हणजे भाड्याच्या चार खोल्या, एक कुरकुरणारी जीप आणि मोजून तीन रसायनवाले, त्यातली मी एक. कारखानदार आम्हाला घाबरत नसत. चहा पाजत आणि वाटेला लावत.

कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत संत्र्याचा रस काढणारा एक कारखाना होता. काटोल-नरखेडकडून ट्रक भरभरून संत्री येत, रस डब्यांत जाई आणि सालं, चोथा, धुण्याचं पाणी, सगळं मागच्या नाल्यात. संत्र्याचं पाणी, त्याने काय होतं, असं वाटेल. होतं. ते पाणी नाल्यात सडतं, आंबतं, पाण्यातला सगळा प्राणवायू खाऊन टाकतं आणि मग जमिनीतून पाझरत जिथे जायचं तिथे जातं. इथे ते खालच्या वस्तीच्या विहिरीत जात होतं. गावाची विहीर वरच्या अंगाला, वस्तीची खालच्या अंगाला नाल्याकाठी. ती खाली का, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. छप्पन साली आईवडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा मी आईच्या कडेवर होते. त्याआधी आई ज्या गावात वाढली तिथे वरच्या विहिरीच्या काठावर तिला घागर टेकवता येत नव्हती.

वस्तीने अंगठे उठवून तक्रार दिली होती. चौकशीला मी गेले तेव्हा विहिरीवर पन्नाशीची एक मावशी भेटली. बोलायला कडक, माझ्याच जातकुळीची. तिने बादली काढली, पितळेचा गडवा भरला आणि माझ्यापुढे धरला.

"पे."

पाणी चहासारखं तांबूस होतं आणि त्याला आंबट कुजका वास मारत होता. मी गडवा नाकाजवळ नेला आणि खाली ठेवला.

"नाई पेत ना? मंग आम्ही कसं पेतो वं?"

"मावशी, एवढा संत्र्यांचा हंगाम जाऊ द्या. हे पाणी मी नीट करून दाखवते."

"तू हे पानी पेशील ना, त्या दिवशी मी मानीन," ती म्हणाली. "तोवर तुहं सरकार तुह्यापाशीच ठेव."

मी शब्द देऊन बसले. साहेबांना न विचारता, नेहमीप्रमाणे.

आमचे साहेब मात्र सरळ माणूस. खटला भरला तर दहा वर्षं चालेल आणि तोवर नाला तसाच वाहील, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी कारखान्याच्या मालकांना बोलावून घेतलं आणि वेगळाच सौदा मांडला. टाक्या, मोटर, माणूस तुमचा. शास्त्र आणि तपासणी आमची. आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्यातली संत्री, ऐन भरात असताना ठरलेल्या दिवशी तुमच्याच समोर नमुना घेऊ. पास झाला तर परवाना, आणि वसाहतीतल्या बाकीच्या कारखान्यांनाही हाच रस्ता दाखवू. नापास झाला तर बंदची नोटीस. मालकांनी दोन दिवस विचार केला आणि हो म्हणाले. तेव्हा अशी गोष्ट आमच्या खात्यात कोणी ऐकली नव्हती. सहकारी मला म्हणाले, "कारखानदाराच्या गळ्यात गळा घालून निघालात, पस्तावाल."

कारखान्याने या कामाला जो माणूस दिला तो आधी बॉयलरवर होता. निवृत्तीला टेकलेला, हाताला भाजल्याचे डाग, बोलणं कमी. मी त्यांना काका म्हणे. टाकीत काय करायचं ते मी पहिल्या दिवशी सांगितलं: शेणकाला घालायचा, थोडा युरिया घालायचा, वर पंख्याने पाणी सतत घुसळायचं, म्हणजे हवा मिसळते आणि हळूहळू तपकिरी गाळ तयार होतो. तो गाळ संत्र्याच्या पाण्यातली घाण खातो. मग शेजारच्या टाकीत गाळ खाली बसतो आणि वरचं नितळ पाणी नाल्यात जातं.

काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे विरजण लावाचं."

मी टाळीच वाजवली. एवढा नेमका शब्द माझ्या प्रोफेसरांनासुद्धा सुचला नसता. त्या दिवसापासून टाकीतल्या गाळाला सगळे विरजणच म्हणू लागले, अगदी साहेबसुद्धा. मला वाटलं, काकांना समजलं. मी पुढे काही सांगायच्या फंदात पडले नाही.

चार महिने लागले विरजण धरायला. काका रोज सकाळी लोणच्याच्या काचेच्या बरणीत टाकीतलं पाणी भरून केबिनच्या खिडकीत ठेवत. अर्ध्या तासाने तपकिरी गाळ खाली बसला आणि वर स्वच्छ पाणी राहिलं की तोंडभर हसत. गाळाला कुंडीतल्या ओल्या मातीसारखा वास यायला लागला तेव्हा मी त्यांना पेढे नेले. दोनदा मोटर जळाली, दोनदा त्यांनी स्वतः जाऊन तिचं वाइंडिंग भरून आणलं. मी मात्र दर आठवड्याला एसटीने जायचे, हे का नाही, ते का नाही, असं ओरडायचे आणि परत यायचे.

नमुन्याच्या आदल्या दिवशी मी पाहणीला गेले. टाकीच्या काठावर शेवाळ, पन्हाळीत बुरशी, चोथ्याच्या ढिगावर माशांचा थवा. दुसऱ्या दिवशी साहेबांबरोबर वसाहतीतले चार-पाच कारखानदार बघायला येणार होते. माझं डोकं फिरलं.

"काका, हे काय आहे? उद्या माणसं येणार आणि ही घाण त्यांना दाखवायची? उद्या मला इथे एक माशी दिसता कामा नये, एक डाग दिसता कामा नये! काय टाकायचं ते टाका, पण सगळं लख्ख झालं पाहिजे!"

"हो मॅडम," काका म्हणाले. शेवटची बस चुकेल म्हणून मी तशीच निघाले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने आठला पोचले. थंडी चांगली पडली होती. फाटकातून आत शिरले आणि नाकात तो वास घुसला. सरकारी दवाखान्याचा, रेल्वेच्या संडासाचा, कॉलऱ्याच्या साथीचा वास. मी पळत सुटले.

काका अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून टाकीपाशी उभे होते. काठांना चुना, चुन्याखाली गेरूची पट्टी. शेवाळ नाही, माशी नाही. शेवटच्या पन्हाळीतून पाणी पडत होतं ते काचेसारखं. चार महिने मी असल्या पाण्याची वाट बघत होते, आणि आता त्यालाच तो वास येत होता.

"एक माशी दाखवा, मॅडम," काका म्हणाले. चेहऱ्यावर असा आनंद की बघवेना.

"काका, टाकीत काय टाकलं?"

"बिलीचिंग. एक पोतं मोठ्या टाकीत, अर्धं बाजूच्या टाकीत. डबे धुवाले येते ना, तेच."

मी मोठ्या टाकीत वाकून बघितलं. पंखा फिरत होता. तपकिरी गाळ राखेसारखा पांढुरका पडला होता आणि वर साबणासारखा फेस. पिशवीतून परीक्षानळी काढली, पन्हाळीतलं पाणी घेतलं, आयोडाइडचे खडे टाकले, आम्लाचे दोन थेंब, वर स्टार्च. नळी निळीशार झाली. क्लोरीन, आणि तोही भरपूर.

मग मी तोंड सोडलं. काय काय बोलले ते लिहायची लाज वाटते. अक्कल गहाण टाकली होती का, चार महिने पाण्यात घातले, वय झालं म्हणून डोकंही गेलं का... संत्री निवडणाऱ्या बाया हातातलं काम टाकून दारात आल्या. ज्या माणसाने बापाच्या वयाचा असून कधी मला उलटून उत्तर दिलं नाही त्याला मी त्याच्याच लोकांसमोर असं बोलले. काका खाली मान घालून ऐकत राहिले. माझा दम संपला तेव्हा हळूच म्हणाले, "दवाखान्यात टाकतेत, हिरीत टाकतेत. मले वाटलं, इथं तं ढीगभर घाण हाये, इथं काहून नाई टाकाची?"

"अहो, त्याने जंतू मरतात! विरजण म्हणजे जंतूच आहेत, जिवंत! ते मेलं सगळं!"

"जिवंत?" काकांनी टाकीकडे बघितलं. "तुमी सांगतलं नाई, मॅडम. विरजण जिवंत असते हे कोनाले मालूम? आम्ही तं लावतो अन् झोपतो."

थोबाडीत बसावी तसं झालं मला. खरंच, कधी सांगितलं होतं मी? शेण घाला म्हटलं, युरिया घाला म्हटलं, मोटर बंद पडू देऊ नका म्हटलं. हुकूम सगळे दिले. कशासाठी ते एकदाही नाही. आणि वर, काय टाकायचं ते टाका!

काका टाकीच्या पायरीवर बसले. "म्हंजे म्या मारलं," एवढंच म्हणाले. मी परीक्षानळी पिशवीत टाकली. बोलायला हवं होतं.

नऊ वाजले. जीप अकराला येणार. मी काकांच्या केबिनमध्ये जाऊन बसले आणि डोकं चालवायला लागले, आणि ते भलत्याच दिशेने चाललं. पन्हाळीतलं पाणी स्वच्छ होतं. पावडरीतल्या चुन्याने गाळ खाली दाबला होता, क्लोरीनने रंग उडवला होता. आमची मुख्य परीक्षा पाच दिवसांची: पाण्यातली घाण किती प्राणवायू खाते ते बघायचं. क्लोरीन असलेल्या पाण्यात खाणारे जंतूच मेलेले, मग खाणार कोण? आकडा झकास येणार. अडचण एकच, नमुन्यात क्लोरीन सापडेल. आणि माझ्या पिशवीत हायपोची बाटली होती. फोटोवाले वापरतात तेच हायपो. नमुन्यात त्याचे थोडे थेंब पडले की क्लोरीनचा मागमूस राहत नाही. क्लोरीन मारला तर तशी नोंद करायची असा नियम. नोंद केली नाही तर कोण बघतंय?

नमुना पास. परवाना. साहेबांची शाबासकी. काकांवर कोणी बोट ठेवणार नाही, माझ्यावर तर नाहीच. टाकी मागाहून गुपचूप नीट करू.

मी ड्रॉपर भरून ॲप्रनच्या खिशात ठेवला. खोटं कशाला बोलू, ठेवला.

तेवढ्यात नजर खिडकीवर गेली. बरणी तिथेच होती. काकांनी आदल्या सकाळी, पावडर पडायच्या आधी भरलेली. खाली बोटभर तपकिरी गाळ, वर स्वच्छ पाणी. खिडकीतून पलीकडे नाला दिसत होता आणि नाल्याच्या वळणावर वस्तीची विहीर. कोणीतरी रहाट ओढत होतं. आत कारखाना पूर्ण जोरात चालू होता. मेलेल्या टाकीत दर मिनिटाला नवं पाणी येऊन पडत होतं. संध्याकाळपर्यंत क्लोरीन संपेल, आणि मग रसाचं पाणी जसंच्या तसं त्या वळणाकडे जायला लागेल.

जीप अकराच्या आधीच आली. मागे मोटारी. साहेब उतरले, मालक हात जोडून पुढे आले, बाकीचे कारखानदार रुमालाने नाक धरायच्या तयारीने आले होते ते रुमाल खिशात ठेवून पन्हाळीकडे बघत राहिले.

"वा!" साहेब म्हणाले. मला म्हणाले, "शाब्बास!"

मालकांनी ट्रेमधून रसाचे ग्लास फिरवले. शिपायाने मेणबत्ती पेटवून लाख वितळवायला घेतली. पद्धत अशी: नमुना मालकासमोर काढायचा, दोन बाटल्यांत वाटायचा, दोन्हींना लाखेची मोहर, कागदावर दोघांच्या सह्या, एक बाटली आमची, एक त्यांची. मी बाटली पन्हाळीखाली धरली. भरली. दुसरा हात खिशात होता. काका घोळक्याच्या मागे उभे होते आणि माझ्याकडेच बघत होते. त्यांना ड्रॉपर काय ते ठाऊक नव्हतं. आपल्याला आता सगळ्यांसमोर नागवं करणार, एवढंच त्यांना वाटत असणार.

"साहेब," मी म्हणाले. आवाज माझा मलाच ऐकू आला नाही. पुन्हा म्हणाले, "साहेब, हा नमुना घेता येणार नाही. पाण्यात ब्लीचिंग आहे. टाकी मेली आहे."

लाख टपकत राहिली.

"कोनं टाकली?" मालकांनी विचारलं. काका पुढे सरकले, पण यावेळी माझा मोठा आवाज कामी आला. "मी टाकायला लावली. काल मी म्हणाले, काय टाकायचं ते टाका. टाकी जिवंत आहे हे मी यांना कधी सांगितलंच नव्हतं. चूक माझी आहे."

साहेबांचा चेहरा उतरला. मला बाजूला घेऊन दबक्या आवाजात म्हणाले, "तुम्हाला कळतंय का काय करताय? चार माणसं विश्वास ठेवून बघायला आलीत. आज नमुना घ्या. टाकी मागाहून दुरुस्त करू."

"मागाहून म्हणजे जुना गाळ परत घालूनही दहा-बारा दिवस तरी, साहेब. तोवर हे पाणी कुठे जाईल?"

त्यांनी वळून नाल्याकडे बघितलं.

मालकांनी सगळं ऐकलं होतं. "पानी स्वच्छ हाये की नाई? नमुना पास होते की नाई?" ते म्हणाले. "मंग झगडा कायचा? सरकारनं पास-नापास सांगितलं, म्या पास करून दाखवलं."

"कारखाना बंद ठेवावा लागेल," मी म्हणाले. "टाकी पुन्हा धरेपर्यंत."

"अन् हे?" त्यांनी आवाराकडे हात केला. आंबियाच्या संत्र्यांचे ढीग छातीएवढे रचलेले. "हे थांबतीन का दहा दिवस? उद्या सडतीन! बंद करा म्हनता तं नोटीस दाखवा!"

नोटीस नव्हती. नापास नमुन्याशिवाय नोटीस निघत नव्हती आणि हा नमुना एकतर पास झाला असता नाहीतर रद्द, नापास नाही. साहेब हातात कागद घेऊन नुसते उभे. तसा सगळा कायदा मालकांच्या बाजूने होता. मला रडू फुटायच्या बेतात होतं आणि मी रडले की आणखी चिडते.

त्या गडबडीत काका कुठे गेले ते कोणीच पाहिलं नाही. आधी आतून बायांचा कालवा ऐकू आला. मग त्या लुगडी वर धरून बाहेर पळत आल्या. मागून संत्र्याचं पाणी, सालं, चोथा, सगळं दारातून वाहत आवारात आलं, कारखानदारांच्या बुटांपर्यंत. काकांनी टाकीकडे जाणाऱ्या नळाचा व्हॉल्व्ह बंद करून त्याचा लोखंडी चक्का काढून घेतला होता आणि तो छातीशी धरून ते पायरीवर येऊन बसले.

"चक्का दे!" मालक ओरडले.

"नाई."

"नोकरी जाईन, म्हाताऱ्या!"

"जाऊ द्या, मालक," काका म्हणाले. चक्का त्यांनी आणखी घट्ट धरला. "म्या विरजण मारलं. मेल्यावर त्याच्या तोंडात घास कोंबू नका. हे पानी खाली हिरीत जाते."

आत कोणीतरी मशिनी बंद करायला धावलं. मशिनी एक एक करून थांबल्या आणि ते आवार इतकं शांत झालं की रहाटाचा आवाज यायला लागला. मालक चिखलात उभे होते, लालबुंद. मला वाटलं, आता ते चौकीदाराला बोलावून चक्का हिसकावून घेतील. तसं केलं असतं तर त्यांना अडवणारं तिथे कोणी नव्हतं.

साहेबांनी हातातला कागद सरळ केला. स्वतःच्या हाताने त्यावर लिहिलं, 'क्लोरीन आढळल्याने नमुना रद्द', खाली सही केली आणि पेन मालकांपुढे धरलं. "तुम्ही सही केलीत आणि टाकी धरेपर्यंत मशिनी बंद ठेवल्यात तर ही माझ्या खात्याची चूक म्हणून लिहून घेतो आणि तुम्हाला महिन्याची मुदत देतो. नाही केलीत तर मला काहीच करता येत नाही. टाकी तुमची, पाणी तुमचं."

मालकांनी पेन घेतलं नाही. संत्र्यांकडे बघत राहिले.

बघायला आलेल्यांपैकी एकाचं शीतगोदाम होतं. तोवर ते गृहस्थ कोपऱ्यात बूट झटकत होते. ते म्हणाले, "संत्री माझ्याकडं पाठवा. जागा करतो. उद्या आमच्याही टाक्या बसणार हायेत ना, बावा. तवा आम्हाले कोनाची तरी गरज पडीनच."

मालकांनी त्यांच्याकडे बघितलं, काकांकडे बघितलं, एक सणसणीत शिवी हासडली आणि सही केली.

पुढचे दिवस धावपळीत गेले. मी कळमेश्वरच्या आणि नागपूरच्या फोटो स्टुडिओंतून हायपो गोळा करत फिरले. लोक विचारत, बाई, कोणाचं लग्न आहे? हायपोने टाकीतला क्लोरीन मारला. गाळ सुकवायच्या वाफ्यात आठवड्यापूर्वीचा ओला गाळ होता, तो परत टाकीत आणला. शेण मागायला मी वस्तीवर गेले आणि मावशीला घडलं ते सगळं सांगितलं, माझ्या तोंडासकट. ती म्हणाली, "म्हंजे तू बी आमच्यावानीच हायेस. आधी ओरडतेस, मंग पाह्यतेस." पण टोपली भरून शेण घेऊन तीच सगळ्यांत पुढे आली.

सगळं घालायच्या आधी काकांनी खिडकीतली बरणी आणली आणि दोन्ही हातांनी टाकीत रिकामी केली. एवढ्या मोठ्या टाकीत एक बरणी, शास्त्राने काही फरक पडत नाही. मी बरणी त्यांच्या हातातून घेऊन विसळली. मग त्यांच्याजवळ पायरीवर बसले आणि पहिल्यांदा सगळं नीट सांगितलं: जंतू काय असतात, काय खातात, श्वास कसा घेतात, कशाने मरतात. आणि त्या दिवशी बोलले त्याची माफी मागितली. काकांनी टाकीतल्या पंख्याकडे बघितलं. मग म्हणाले, "मोटर बंद पडली तं यांचा दम कोंडते, असं?" आणि उठून मोटरीच्या पट्ट्याला हात लावून आले.

विरजण धरलं. महिन्याच्या आत नमुना घेतला, मोहर केली आणि तो पास झाला. मालक काकांशी हंगाम संपेपर्यंत बोलले नाहीत, पण नोकरीवरून काढलंही नाही. उलट वस्तीची विहीर उपसायला त्यांनी स्वतःचा पंप पाठवला, आणि पाठवल्याचं आम्हाला कळवलंसुद्धा नाही.

होळीच्या सुमारास मी विहिरीच्या पाण्याचा नमुना घ्यायला गेले. काकाही आले होते. कधी येणार हे मी आदल्या आठवड्यातच कळवून ठेवलं होतं. मावशी नवं लुगडं नेसून उभी होती, वस्तीतली बरीच माणसं भोवती. विहिरीचा काठ सारवलेला. तिने बादली काढली. पाणी स्वच्छ, तळ दिसेल असं. तिने घासून लख्ख केलेला तोच गडवा भरला आणि माझ्यापुढे धरला.

मी सवयीने गडवा नाकाजवळ नेला.

ब्लीचिंग पावडर.

"मावशी, यात काय टाकलं?"

"ग्रामपंचायतीतून आणली वं पुडी," मावशी अभिमानाने म्हणाली. "सकाळीच टाकली. मॅडम येणार म्हनलं, हीर लख्ख पाह्यजे."

काकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी खांदे आवळून घेतले होते. नमुन्याची बाटली माझ्या हातात होती आणि ती आता कामाची नव्हती. पुन्हा आठ दिवसांनी यावं लागणार होतं. सगळा ओरडा, तोच सगळा, माझ्या घशाशी आला होता.

"नाकाले काहून लावतेस?" मावशी म्हणाली. तिचा आवाज आता तितका कडक नव्हता. "तोंडाले लाव ना. पेशील म्हनलं होतं."

मी तो गडवा तोंडाला लावला आणि त्या वासासकट, एका दमात, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.